पाच जनांत एक शाल

शाल एक हुती. आमी पाच जन.

पयला नंबर वॉचमनकाकांचा. पालक संघाच्या अध्यक्षा मॅडमनी त्येंच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला, हसल्या. फोटो निघाला. काका पायरी उतरायला लागले तसं मॅडमनी मागनं शालीचं टोक धरलं. "काका, शाल राहू द्या हां. पुढच्यांना लागेल." काकांनी घाईघाईनं शाल काढली. आपलीच चूक झाल्यासारखी काढली. मग नारळबी परत मागितला. नारळ पन एकच हुता.

मग नंदाबाई, माझ्या जोडीला झाडू-फरशीला असायची ती. शाल, नारळ, फोटो. शाल काढली, नारळ घेतला. समोर सगळी शाळा बसलेली, टाळ्या वाजवत हुती. पोरांना काय, वाजवा म्हनलं की वाजवत्यात.

तिसरा नंबर माझा.

शाल अंगावर पडली तवा ती गरम हुती. माझ्या आधीच्या दोघांची ऊब हुती तिच्यात. फोटोवाला म्हनला, "मावशी, स्माईल." मी हसले. खरंच हसले मी, त्येचीच मला अजून लई चीड येते. आनि मग खांद्यावर बोटं आली. नेलपॉलिश लावलेली, मऊ. कानापाशी आवाज आला, "मावशी, शाल."

मी सावेडीतल्या एका इंग्लिश मीडियमच्या शाळेत मावशी हुते. नऊ वर्षं. मावशी म्हंजे कोनाची मावशी न्हाई. झाडू, फरशी, संडास, बारक्या पोरांची उलटी, शेंबूड, भरलेली चड्डी. राहायला केडगावला. सकाळी सहाला घर सोडायचं, रिक्षानं माळीवाडा, तिथनं दुसरी रिक्षा सावेडी. आमी शाळेचे न्हाई, ठेकेदाराची मानसं. पगार त्यो द्यायचा, बोलनी शाळा द्यायची. नवरा मार्केट यार्डात हमाल हुता, पाठीचा मनका सरकला, तवापासनं घरीच.

त्याच शाळेत माझी पोरगी. सोनल. आठवी ब. पहिलीला आरटीईतनं नंबर लागला तिचा, त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले हुते आमी. आरटीई म्हंजे आठवीपर्यंत फुकट. नववीपासनं फी. ती फी माझ्या सात पिढ्यांच्यानं झाली नसती. पन प्रिन्सिपल मॅडमनी सांगितलं हुतं, पालक संघानं नाव सुचवलं की संस्था दरवर्षी एका पोरीला नववी-दहावी माफ करती. "सोनल हुशार आहे. तुम्ही फक्त संघाच्या मॅडमशी नीट राहा."

नीट राहा म्हंजे काय ते मला बरोबर कळलं. दोन वर्षं मी नीट राह्यले. मॅडमची गाडी आली की पळत जाऊन पिशव्या घ्यायच्या. त्येंच्या घरी गौरी-गनपतीला भांडी घासायला जायचं, आनि वर "असू द्या मॅडम, घरचंच काम हाय" म्हनायचं. त्या बाई वाईट हुत्या असं मी म्हननार न्हाई. गोड बोलायच्या. "मावशी, तुम्ही तर आमच्या घरच्याच!" एवढ्या वेळा म्हनल्या की मलाबी खरं वाटाया लागलं हुतं.

शाळेत पोरांना नावानं हाक मारायची न्हाई असा आमाला नियम. दादा म्हना, दीदी म्हना, तुमी म्हना. माझ्या पोरीलाबी मी दीदीच म्हनायचे. पाचवीत असताना तिनंच सांगितलं हुतं, मान खाली घालून. "आई, शाळेत मला हाक नको मारू. कुणाला माहीत नाहीये." मी म्हनलं, बरं. ती डबा विसरली की मी वर्गाच्या दारात जायचे. "दीदी, तुमचा डबा." ती उठून यायची, डबा घ्यायची, म्हनायची, "थँक्यू मावशी."

पोटची पोरगी मला मावशी म्हनायची. घरी आल्यावर दोघी त्या गोष्टीवर बोलायचो न्हाई. मी भाकरी टाकायचे, ती अभ्यास करायची. मी म्हनायचे, शिकू दे, एवढं तर सोसावंच लागतं.

शिक्षक दिनाच्या आधी दोन दिवस संघाच्या बायका सामान घेऊन आल्या. हॉलमदी सतरंजी टाकून मी आनि नंदाबाई पॅकिंगला बसलो. दर शिक्षकाला एक खोकं. त्येच्यात साडी न्हाईतर शर्टपीस, एक दिवा, एक मग. मगावर त्या त्या शिक्षकाचं नाव छापलेलं. खोक्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर परत नाव. नाव चुकू नये म्हनून एक बाई यादी घेऊन शेजारीच उभी. मी सेलोटेप लावत लावत इचारलं, गमतीनं इचारलं हां, "आन् आमचं खोकं कुठंय मॅडम?"

सगळ्या हसल्या. अध्यक्षा मॅडम म्हनल्या, "तुमचं सरप्राईज आहे! या वर्षी तुमचाही सत्कार. स्टेजवर."

नंदाबाईनं मला कोपरानं ढोसलं. नऊ वर्षांत त्या स्टेजवर मी फक्त पुसायला चढले हुते.

घरी जाऊन सांगितलं. नवरा म्हनला, "आयला, भारीच की." सोनल गनित सोडवत हुती, तिनं पेन खाली ठेवलं. "स्टेजवर? नाव घेऊन?"

"व्हय तर. नाव घेऊनच बोलवत्यात सत्काराला."

तिनं परत पेन उचललं. दुसऱ्या दिवशी शाळेतनं आली, दप्तर काढलं, मी पीठ मळत हुते तिथं येऊन उभी राह्यली. म्हनली, "आई, मी माझ्या बाकावरच्या आर्याला सांगितलं."

"काय सांगितलं?"

"तू माझी आई आहेस ते."

माझे हात पिठात तसेच राह्यले. तीन वर्षांनी पोरगी मला आई म्हनून दुसऱ्याला दाखवायला तयार झाली. त्या एका सत्कारासाठी. मी तिला काय म्हनले ठाऊक हाय का? म्हनले, "बरं केलंस, जा हातपाय धू." मग पेटीतनं लग्नातली अंजिरी साडी काढली. इस्त्रीला दिली. शिक्षक दिनाच्या सकाळी सोनलनं स्वतः माझ्या पदराला पिन लावली.

तर त्या साडीत मी उभी. अंगावर शाल, हातात नारळ, मागं बोटं.

नाव कोनाचंच घेतलं नव्हतं. शिक्षकांना एकेकाला नावानं बोलावलं, प्रत्येकाच्या दोन गोष्टी सांगितल्या, कोन किती वर्षं शिकवतंय, कोनाचा आवाज गोड हाय. आमच्या वेळेला माईकवरनं आलं, "आता आपले हेल्पिंग हँड्स." झालं. पाच जन एकदम.

मी खाली बघितलं. आठवी ब तिसऱ्या रांगेत. सोनलच्या शेजारची पोरगी तिच्या कानाला लागून काहीतरी इचारत हुती, माझ्याकडं बघत हुती. ती आर्या असनार. सोनलनं माझ्याकडं बघितलं. माझ्या खांद्यावरची ती बोटं बघितली. मग ती खाली वाकली, बुटाची लेस बांधायला.

तिच्या बुटाला लेस नव्हती. आत पाय सरकवायचे बूट हुते. मीच आनलेले.

डोक्यात काय झालं मला म्हाईत न्हाई. तिडीकच गेली. नारळ मी मॅडमच्या हातात दिला आनि शालीची दोनी टोकं छातीपाशी मुठीत धरली.

मॅडमनी हळूच वढली. मी सोडली न्हाई. त्या लोकांकडं बघून हसल्या, परत वढली. "अहो मावशी, सोडा ना, प्रोग्रॅम लांबतोय."

"मला दिली ना तुमी?"

"अहो हो, पण..."

"मग माझी हाय."

माईक जवळच हुता. 'माझी हाय' सगळ्या हॉलमदी घुमलं. मागच्या रांगेत पोरं फिसकन हसली. 'हाय'ला हसली असतील, हसू दे. मी शाल घेऊन पायऱ्या उतरले. सरळ हॉलच्या बाहेर गेले, संडासाच्या पॅसेजमदी जाऊन उभी राह्यले, कारन तेवढीच जागा मला आपली वाटायची. आपन काय करून बसलो, हे तवा कळाया लागलं. नववी. सोनलची नववी. मी त्या पॅसेजमदी तोंडात पदर कोंबून रडले.

पयली आली ती सुनीता, बसमदी पोरांना चढवती-उतरवती ती. तिचा नंबर माझ्या मागं हुता. मला वाटलं धीर द्यायला आली. ती म्हनली, "तुला लई मस्ती आली का गं? तुझ्यामुळं आमचं राह्यलं. माझ्या सासूला मी सांगून आल्ते, फोटो येनार म्हनून." तिच्या डोळ्यात पानी हुतं. फोटोपुरती का व्हईना, तिला ती शाल पायजे हुती. कालपर्यंत मलाबी तशीच पायजे हुती, तिला कुठल्या तोंडानं नावं ठेवू?

मग ऑफिसात बोलावनं. प्रिन्सिपल मॅडम, अध्यक्षा मॅडम, दोघी. मी शाल घडी करून काखेत धरलेली. मला वाटलं, म्हनतील शालीसाठी एवढं काय, दुकानातनं दुसरी आनून देऊ. तसं न्हाई. अध्यक्षा मॅडमचा चेहरा रडवेला झाला हुता.

"मावशी, ती शाल माझ्या सासऱ्यांची आहे. त्यांच्या एकसष्टीला मिळालेली. शिक्षकांच्या गिफ्टमध्ये बजेट संपलं, म्हणून मी घरून आणली. प्लीज."

म्हंजे देनाऱ्या ह्या. वस्तू दुसऱ्याची. मान दुसऱ्या मानसाचा, त्येच्या म्हातारपनाचा, त्यो दहा सेकंद आमाला घालायला आनला. एखाद्याच्या लग्नाला शेजारनीचं मंगळसूत्र मागून घालावं तसं. आनि वर आमीच टाळ्या ऐकून खुश व्हायचं.

मी म्हनलं, "आधी सांगितलं असतं, शाल न्हाई, नुसतं हात जोडतो. आमी त्येच्यातबी खुश झालो असतो."

"यात आमची भावना बघा ना," मॅडम म्हनल्या.

प्रिन्सिपल मॅडमनी मधी तोडलं. शाल द्या, आनि एक बारका व्हिडिओ करा माफीचा. पालकांच्या ग्रुपवर लोक काय काय लिहीत हुते म्हने. मग आवाज खाली आनून म्हनल्या, "डिसेंबरमध्ये संघ नववीसाठी नाव देणार आहे. आईनेच असं केल्यावर मी काय बोलू? सोनलचा विचार करा."

सोनलचाच तर इचार करत हुते. नऊ वर्षं दुसरा कसला इचार केला हुता?

मी म्हनलं दोन दिवस द्या. त्या म्हनल्या, सोमवारी.

ते दोन दिवस आठवायलाबी नकोत. सोनल बोलना झाली. जेवायला वाढलं तर चार घास खाऊन उठायची. नवरा म्हनायचा, "दे ना बाई परत. शाल काय सोन्याची हाय का? पोरीचं वाटोळं करशील." आमाला एकेक कार्डबी मिळालं हुतं, चमकी लावलेलं, इंग्लिशमदी. नंदाबाईनं माझं आनून दिलं. मी सोनलपुढं धरलं, म्हनलं वाच की. तिनं वाचलं. "टू अवर हेल्पिंग हँड्स. थँक्यू फॉर कीपिंग अस क्लीन." मग म्हनली, "नाव नाहीये कुठंच."

आनि तेवढ्यात एकदम फुटली. "तुला काय गरज होती गं? काढून द्यायची ना! सगळे देत होते ना! आता सगळी शाळा म्हणते, आठवी 'ब'च्या सोनलच्या आईने शाल चोरली!"

सगळ्या शाळेला कळलं हुतं मी तिची आई. कळलं ते असं.

सोमवारी मी शाल पिशवीत घातली. ठरवलं हुतं. माफी मागायची. नाक घासायला लावलं तर घासायचं. माफी मागून कोन मेलंय? पोरगी दहावी झाली की बघू मान-अपमान. रिक्षात बसून मी सारखं घोकत हुते, चूक झाली, चूक झाली.

ऑफिसातल्या क्लार्कनं मला व्हरांड्यात भिंतीपाशी उभं केलं. कागदावर लिहून दिलं हुतं. "कार्यक्रमाच्या गडबडीत शाल माझ्याकडून चुकून माझ्याजवळ राहिली. पालक संघाने आम्हा गरिबांवर नेहमीच उपकार केले आहेत." त्येनं मोबाईल धरला. "बोला मावशी, हसून बोला जरा."

मी तोंड उघडलं. "कार्यक्रमाच्या गडबडीत..."

तेवढ्यात आठवी ब आली. कॉम्प्युटरच्या तासाला चालली हुती, रांगेनं. व्हरांडा अरुंद, मी मधीच उभी. नऊ वर्षांची सवय, पोरं आली की भिंतीला चिकटायचं. मी चिकटले. रांगेतनं सोनल आली, माझ्यासमोर तिचा पाय अडखळला. आनि माझ्या तोंडातनं निघालं, "सावकाश दीदी. फरशी वली हाय."

दीदी.

मोबाईल चालू हुता. समोर कागद, त्येच्यावर गरीब, उपकार. आनि मी माझ्या पोरीला दीदी म्हनले. आता लपवायचं काय राह्यलं हुतं? सगळ्या शाळेला ठाऊक हुतं. तरी म्हनले. आत्ता मला कोनी सांगितलं नव्हतं म्हनायला, आपोआप निघालं. माझ्या कानांनी मी ते ऐकलं आनि मला माझी किळस आली. संडास धुताना कधी आली नव्हती एवढी. हे आपन पोरीला शिकवलं, हे माझ्या ध्यानात आलं. आईची लाज वाटून घ्यायची, हे तिला शाळेनं निम्मं शिकवलं, निम्मं मी शिकवलं. मीच "बरं" म्हनले हुते.

मी मोठ्यानं हाक मारली. "सोनल!"

रांग थांबली. सोनलबी थांबली, पन तिनं मागं बघितलं न्हाई. मग चालाया लागली. मला वाटलं हुतं ती वळंल. न्हाई वळली.

क्लार्क म्हनला, "परत पहिल्यापासून घेऊ मावशी."

"न्हाई घ्यायचं."

मी पिशवीतनं शाल काढली. ऑफिसात गेले, प्रिन्सिपल मॅडमच्या टेबलावर ठेवली. "ही त्येंच्या सासऱ्यांची हाय, घ्या. मला दुसऱ्याचं नको. माफी न्हाई मागनार. माझ्याजवळ ती चुकून राह्यली न्हाई, तुमी सगळ्यांसमोर दिली आनि सगळ्यांसमोर काढाया लागला. चूक झाली आसंल तर ती तुमी लिहा कागदावर."

मॅडम म्हनल्या, "विचार करून बोला."

मी म्हनलं, "नऊ वर्षं इचारच केला."

ठेकेदाराचा फोन घरी पोचायच्या आधीच आला. उद्यापासनं येऊ नको.

आता मी केडगावलाच एका मंगल कार्यालयात भांड्यांना हाय. लग्न असलं तर काम, न्हाईतर न्हाई. नंदाबाई रस्त्यात दिसली तर बघती आनि दुसरीकडं बघती, तिचाबी इलाज न्हाई. सोनल बोलती, पन कामापुरतं. बरं चाललंय असं मी म्हननार न्हाई. पहाटं जाग आली की एकच इचार येतो. पोरीचं वाटोळं केलं का मी?

काल सोनलनं डायरी नवऱ्यापुढं धरली. शाळेची सूचना, पालकाची सही पायजे. सही कायम त्योच करायचा. माझी सही शाळेच्या हजेरीत रोज असायची, कोनी वळखली असती, म्हनून मीच कधी केली न्हाई. मी भांडी घासून आले हुते, हात पुसत इचारलं, काय लिवलंय?

तिनं वाचलं. "शनिवारी पालक सभा. नववीच्या प्रवेशाबाबत. सर्व पालकांनी उपस्थित राहावे."

सर्व पालकांनी.

नऊ वर्षं त्या सभांच्या खुर्च्या मी मांडल्या. पान्याच्या बाटल्या मी ठेवल्या. सभा सुटल्यावर सोनलच्या बाईंना बेसिनपाशी गाठून पोरगी कशी हाय इचारायचे, तेबी इकडंतिकडं बघून. ज्या संघानं मला शाल घातली त्येच्यात मीबी हुते. मी पालक हुते! ते त्येंच्या डोक्यात आलं न्हाई, ठीक हाय. माझ्या कसं आलं न्हाई? पोरगी त्या शाळेत, आई मी, आनि मी टाळ्या वाजवनाऱ्यात न्हाई, घेनाऱ्यात न्हाई, खुर्च्या मांडनाऱ्यात.

मी नवऱ्याच्या हातातनं पेन घेतलं आनि सही केली. हजेरीत करायचे तीच.

सोनल घाबरली. "आई, तू नको येऊ. पप्पांना पाठव. प्लीज आई."

तिचे डोळे भरले हुते. पन म्हनलं, "मीच येनार."

शनिवारी मी जानार हाय. मागच्या दारानं न्हाई, मोठ्या गेटानं. वॉचमनकाका अडवतील, त्येंना लाजच वाटंल, पन अडवतील. मी डायरी दाखवीन. तीच अंजिरी साडी नेसनार, पिन माझी मी लावनार. पुढच्या रांगेतल्या खुर्चीवर बसनार. आनि बोलायची पाळी आली की उभी राहून इचारनार, नववीची जागा कोनाला देता, कशावरनं देता, ते इथं सगळ्यांसमोर सांगा. मार्कांवर देता का आईच्या वाकन्यावर देता? देनार नसाल तर तसं तोंडावर सांगा, माझी पोरगी केडगावच्या शाळेत शिकंल, पन उत्तर घेतल्याशिवाय मी उठनार न्हाई. कोनी म्हनलं, मावशी, तुमी इथं कशा, तर सांगनार. मावशी कोनाचीच न्हाई मी. आठवी ब. सोनलची आई.

सोनल खाली मान घालून बसली तरी चालंल. मी तिला नावानंच हाक मारनार.